रोज चार डब्या

३ मार्च, सोमवार. दुपारी ३
रोजनिशी सुरू. कारण असं की मी आमच्या गोदामाचा स्टॉक कंट्रोलर झालो की लोक विचारतील, हे सगळं कसं जमवलं. तेव्हा मला आठवणार नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. मी आठवी नापास, पण अक्षर बरं आहे असं मास्तर म्हणायचे. बाकी काही बरं आहे असं म्हणायचे नाहीत.

मुद्दा. सकाळी आईचा फोन. घरमालकाला ३१ तारखेला घर रिकामं करून हवंय. आई ताईकडे राहायला जाणार. ताईचं घर दोन खोल्यांचं, त्यात ताई, भावोजी आणि भावोजींचं वजन. तुझी गेमची ट्रंक न्यायची की भंगारात, असं आईनं विचारलं. भंगार हा शब्द मी पुरा होऊ दिला नाही. ट्रंकेत दोनशेच्या वर व्हिडिओ गेम आहेत, डब्यांसकट. तिसरीपासूनचे. असं कलेक्शन फार थोड्यांकडे असेल.

आई म्हणाली, "तूच येऊन बघ ना एकदा."

म्हटलं येतोच आहे. २२ ते ३० सुट्टी मंजूर आहे. तीन वर्षांतली पहिली. तोवर कॅटलॉग करून टाकू. आमच्या गोदामाचा नियम आहे: जे स्कॅन झालं नाही ते नाहीच.

घरची आठवण वगैरे काही नाही. काम म्हणून.

४ मार्च, मंगळवार
साधन: दोनशे पानी वही. रेघा मारल्या. नंबर, नाव, साल, अवस्था, पुरा खेळला का, जागा. रेघा मारण्यात दीड तास. पाया पक्का हवा.

शिफ्ट सहा ते दोन. म्हणून फोन चारला. आईनं ट्रंक खाटेजवळ ओढून घेतली होती. तिचा फोन बटणांचा, त्यामुळे फोटोचा प्रश्न नाही. ती डबी उचलणार, नाव सांगणार, मी लिहिणार.

आईला इंग्रजी वाचता येत नाही हे प्लॅनमध्ये धरायचं राहिलं.

पहिली डबी. म्हणाली, घोडा आहे. म्हटलं, पुढे? म्हणाली, घोड्यावर माणूस आहे, पण त्याच्या तोंडावर दुकानाची चिठ्ठी चिकटलीय. हा तुझ्या बाबांनी आणलेला, त्या दिवशी काय झालं माहितीय का, तू... मी म्हटलं आई, गोष्टीचा रकाना नाहीये. फक्त माल.

एकूण चार. घोडा. टकल्या आणि बंदूक. दोन मोटारी, एक जळतेय. बाई भिंतीवर चढतेय, हिला दुसरे कपडे नव्हते का.

६ मार्च, गुरुवार
आज चार. काल चार. अशानं दोनशेला पन्नास दिवस लागतील.

आईला टार्गेट दिलं. दिवसाला वीस. आमच्या सुपरवायझरनं मला तासाला एकशे वीस नग दिलंय. (सुपरवायझरला आम्ही घड्याळ म्हणतो. माणसाकडे बघत नाही, मनगटाकडे बघतो.) माझा रेट सध्या नव्वद आहे. पण माझं काम मन लावून असतं, स्टिकर सरळ लागतो. हे कधी ना कधी वर कळणारच.

आई म्हणाली, बरं साहेब.

८ मार्च, शनिवार
साधन बदललं. वही हा जुना जमाना झाला. रूम पार्टनर चष्मिस, आमच्याच गोदामात आहे. त्याच्या लॅपटॉपवर एक्सेल. सगळं भरलं. मग नावं ओळीने लावायचं बटण दाबलं. नावं ओळीत आली, बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. आता घोड्याला चाक नाही आणि फुटबॉल अर्धा जळालेला. चष्मिस म्हणाला, सगळं सिलेक्ट करायचं असतं रे राजा. म्हटलं ते मला माहीत आहे, मी मुद्दाम चेक करत होतो.

त्यानं एक ॲप सांगितलं. खास गेम जमवणाऱ्यांसाठी. बारकोड स्कॅन केला की नाव, साल, फोटो आपोआप. म्हणजे माझ्यासारखे लोक जगात आहेत.

११ मार्च, मंगळवार
आई आकडे वाचते! हे आधी का सुचलं नाही. बारकोडखाली तेरा आकडे असतात. आई वाचणार, मी ॲपमध्ये टाकणार. जुन्या डब्यांसकट पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या डबीत आईनं एक आकडा चुकवला. ॲपच्या म्हणण्याप्रमाणे माझ्याकडे तान्ह्या बाळाचे लंगोट बदलायचा गेम आहे. दुसऱ्यांदा बरोबर वाचला. घोड्याचं खरं नाव, साल, चित्र, सगळं आलं. अंगावर काटा आला. आईला सांगितलं. ती म्हणाली, चित्रात तोंड दिसतं का त्याचं? बघितलं. दिसतं. म्हटलं दाढी आहे. आई म्हणाली, अय्या, मी इतकी वर्षं बाई समजत होते.

चार झाल्या. मग तिचा गुडघा दुखायला लागला.

१३ मार्च, गुरुवार
चार.
गोवर निघाला तेव्हाची डबी सापडली म्हणाली. अंगाची आग व्हायची, खेळताना विसरायचास, म्हणून मी मशीनची वायर लपवायची सोडून दिली. ॲपमध्ये "शेरा" नावाचा रकाना आहे, पण त्यात अवस्था लिहायची असते. "झाकण तडकलेलं" लिहिलं.

आईला तोंडी वॉर्निंग दिली. तोंडी तीन झाल्या की लेखी. मला गेल्या आठवड्यात लेखी मिळाली, पण ती सगळ्यांना देतात.

१५ मार्च, शनिवार
मोठी बातमी. २२ ते ३० गोदामाची वार्षिक मोजदाद. घड्याळनं विचारलं, सुट्टी सोडून कोण थांबेल? मी हात वर केला. लगेच. त्याचं वाक्य संपायच्या आत. स्टॉक कंट्रोलरची जागा रिकामी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी कोण थांबतं हे बघतात. चष्मिस मठ्ठासारखा गप्प उभा. त्याची त्याच आठवड्यात सुट्टी आहे, तो चाललाय घरी.

चारला आईला सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, बरं. प्रमोशन झालं की नवी डबी घे एक. मग आकडे वाचायला लागली.

घर काय, नंतर बघता येतं.
नंतर ते घर नसेल, पण ताईचं घर आहेच की.

१७ मार्च, सोमवार
गडबड. आज वाचलेल्या चारही आकड्यांना ॲप म्हणतं, हा गेम तुमच्याकडे आहेच. शनिवारच्याही दोन तशाच होत्या. रात्रपाळीला जायच्या घाईत असलेल्या चष्मिसला दाखवलं. तो म्हणाला, तुझी आई त्याच त्याच डब्या वाचतेय.

आईला विचारलं. म्हणाली, असेल बाई, वय झालं, मिसळल्या असतील. मी म्हटलं झालेल्या डब्या उलट्या ठेवत जा. अगं, साधी सिस्टिम आहे. ती म्हणाली, हो रे, उद्यापासून.

पन्नाशीतच माणसाची स्मरणशक्ती अशी जाते का? काळजी वाटली. मग वाटलं, आईला मुळात पद्धत नाही.

१९ मार्च, बुधवार
चार वाचल्या. तीन डुप्लिकेट. एक नवी.
नवी कुठली? फुटबॉलवाला, दोन्ही हात वर. ही तू मित्राची आणलीस आणि परत दिली नाहीस, त्याची आई दारात आली होती, असं आई म्हणाली. हे खोटं आहे. म्हणजे, परत देणारच होतो.

२१ मार्च, शुक्रवार
निर्णय घेतला. असं चालत नाही. मॅनेजमेंटमध्ये माणूस बदलावा लागतो, मग तो कितीही जवळचा असो. रविवारी भावोजी सामान हलवायला आईकडे जाणार आहेत. त्यांच्याकडे कॅमेऱ्याचा फोन. ॲपची लिंक पाठवली. ते म्हणाले, हे होय, दहा मिनिटांचं काम.

आईला सांगितलं, तुला आता त्रास नाही. ती म्हणाली, मला कुठे त्रास होता.

२३ मार्च, रविवार
मोजदादीचा दुसरा दिवस. बारा तास उभा. पायाला गोळे.

भावोजींनी वीस मिनिटांत सगळं स्कॅन केलं. ॲपवर हिरवी खूण, शंभर टक्के पूर्ण.

एकूण गेम: ४१.
त्यातल्या रिकाम्या डब्या: ९.

चूक असणार. दोनशेच्या वर होते. लहानपणी ट्रंक उचलायला दोघं लागायचे. (मी आणि ताई.) मधल्या काळात कुणीतरी हात मारलाय. ताईवर संशय.

२४ मार्च, सोमवार
ताईला फोन केला, उरलेल्या एकशे साठ डब्यांबद्दल. ती आधी हसली. मग चिडली. म्हणाली, पहिल्याच आठवड्यात आईनं सगळ्या डब्या फडक्यानं पुसून ओळीनं लावून ठेवल्या होत्या. एकेचाळीस. रोज साडेतीनला फोन मांडीवर घेऊन बसायची. त्यातल्या चारच बाहेर काढायची. आवराआवरीला गेलेली ताई तिला म्हणाली होती, आई, सगळ्या एकदम सांगून टाक ना त्याला, म्हणजे सुटशील. तर काय म्हणाली माहितीय?

"सगळ्या आजच सांगितल्या तर उद्या तो फोन कशाला करेल?"

ताई लहानपणापासून नाटकी आहे. शाळेत गॅदरिंगला हिचंच काहीतरी असायचं.

एकशे साठचा हिशोब तिनं दिलाच नाही.

२९ मार्च, शनिवार
मोजदाद एक दिवस आधीच संपली. घड्याळनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. चौथ्या रॅकमध्ये मी मोजलेला माल दोनदा मोजला गेला होता. म्हणाला, डुप्लिकेट. मी म्हटलं, डुप्लिकेटचं कारण दर वेळी निष्काळजीपणाच असतं असं नाही साहेब. तो मनगटाकडे बघत राहिला.

या आठवड्यात चारला फोन करायला जमलं नाही. कामच नव्हतं तसं. म्हणजे फोनचं.

३१ मार्च, सोमवार
घर रिकामं झालं.

चारला फोन लावला. आई टेंपोत पुढे बसली होती, भावोजींच्या शेजारी. आवाज नीट येत नव्हता. म्हणाली, भिंतीवर तुझ्या उंचीच्या रेघा होत्या त्या पुसायच्या का, असं रंगवाला विचारत होता. म्हटलं मग? म्हणाली, मग काय, त्याचं काम आहे ते. मग म्हणाली, झालं ना तुझं सगळं नीट? बरं, ठेवते.

कॉलची वेळ: ४८ सेकंद.

ॲपमध्ये सगळ्या गेमना "जागा" हा रकाना भरावा लागतो. एकेचाळीस ठिकाणी "घर" लिहिलेलं आहे. ते बदलायला हवं. उद्या.

२ एप्रिल, बुधवार
चष्मिस स्टॉक कंट्रोलर झाला. घरून परत आला, बॅग खाली ठेवली आणि झाला. आठ दिवस आईच्या हातचं खाऊन गाल वर आलेत.

हे राजकारण आहे. शिवाय मला ती जागा खरं म्हणजे नकोच होती. दिवसभर बसून काम. पाठीला वाईट.

तो म्हणाला, तुझा कॅटलॉग झाला का रे पुरा? म्हटलं शंभर टक्के. म्हणाला, मग आता काय करतोस चार वाजता?

काय करतो म्हणजे. पुष्कळ कामं असतात.

३ एप्रिल, गुरुवार. ४ वाजता
मोजे धुतले.

४ एप्रिल, शुक्रवार. ४ वाजून ५
ॲप उघडलं. हिरवी खूण. बंद केलं. आईला फोन लावला, कारण: गुडघा कसा आहे. ताईनं उचलला. आई पडलीय जरा म्हणाली. काय झालं? काही नाही रे, पडलीय नुसती. दुपारभर पडूनच असते हल्ली. काही काम होतं का?

म्हटलं नाही, काम असं काही नाही.

६ एप्रिल, रविवार
आज एक अपघात झाला. ॲप साफ करताना पूर्ण कॅटलॉग डिलीट झाला. अशा ॲपवर विश्वासच ठेवू नये. खरं म्हणजे ते दोनदा विचारतं, नक्की काढायचं का. दोन्ही वेळा चुकून "हो" दाबलं गेलं.

चारला फोन लावला. ताईला म्हटलं, आईला दे, कामाचं आहे.

आईला सांगितलं, सगळा डेटा गेला. एकेचाळीसच्या एकेचाळीस. आता पहिल्यापासून करावं लागणार, वेळ आहे का तुला? फोनवर खाटेचा आवाज आला. उठून बसली असणार. मग म्हणाली, ट्रंक माळ्यावर टाकलीय तुझ्या भावोजींनी, पुढे गाद्या रचल्यात, ती कशी काढू?

हे पुन्हा प्लॅनमध्ये धरलं नव्हतं. म्हटलं मग राहू दे.

ती म्हणाली, "ट्रंक कशाला हवी? मला पाठ आहेत. तू लिही."

ॲप काढून टाकलं होतं. वही घेतली. रेघा मारायला वेळ नव्हता, ती सुरूसुद्धा झाली होती.

१. घोडा. दाढीवाला. आदल्या दिवशी बाबांनी मला मारलं होतं, मी दप्तर विहिरीत टाकलं म्हणून. त्यांनी माफीबिफी मागितली नाही. सकाळी डबी उशाशी ठेवली आणि कामावर गेले. संध्याकाळी आल्यावर दारातूनच विचारलं, आवडला का त्याला? मला नाही, आईला विचारलं.
२. टकल्या, बंदूक. ताईनं स्वतःच्या वाढदिवसाला मागितली आणि मला दिली. (नोंद: ताईवरचा संशय मागे.)
३. गोवर. झाकण तडकलेलं, कारण तापात मी फेकलं.
४. बाई भिंतीवर चढते ती. मी इकडे यायला निघालो त्या दिवशी मशीनमध्ये हीच होती. गाडीची वेळ झाली तरी मी उठेना. आई म्हणाली, मी बंद केलीच नाही रे ती, तू गेल्यावर दोन दिवस तशीच लटकत होती बिचारी, मग वीज गेली.

म्हटलं, पाचवी?

 

म्हणाली, "आज एवढ्याच. गुडघा दुखतोय. उरलेल्या उद्या, चारला."