खळ्यावरचं वारं आणि पिवळं शीड

९ मे २००५, सोमवार

सगळ्यांत आधी टपकली कांताबाई. पाहुण्यांची जीप अजून वेशीत होती अन् ही शेजारीण माझ्या खाटेपाशी हजर. "आक्का, तुमच्या नातीनं जीपवर काय बांधून आणलंय? तिरडीवानी दिसून राहिलं." मेलीच्या जिभेला हाड न्हाई.

मंग शीतल आली, माझी नात (फुडं नुसतं शी. लिहीन, बोटं दुखतेत). संगं तिची मॅडम. दोघी गोव्याकडं समुद्रावर लोकांना फळीवर उभं राहून शिडातल्या वाऱ्यानं पळायला शिकवतेत. आपल्या धरणावर तशी शिकवणी निघंल का, अन् कोणतं सामान लागंल, ते बघायला आल्या. जमलं तर फिरून येतील. न्हाई तर मॅडम कशाला येती या उन्हात?

माझा डावा पाय प्लास्टरात. शेळीमागं धावले, पडले. बाबू, माझा ल्योक, म्हणतो, "माय, खाटेवरून हाललीस तर खाटेलाच बांधीन." धरण अर्ध्या कोसावर, पण गाडीत धक्का बसायला नको म्हणे. म्हंजी शी. पाण्यावर उभी राहिलेली मला या खेपेला दिसत न्हाई. फुडच्या खेपेवर भरोसा.

तरी पोरगी आली! दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१० मे, मंगळ.

सकाळी सगळं सामान अंगणात, माझ्या खाटेम्होरं. बाजारच भरला.

पयली फळी. केवढी गं? "एकशेऐंशी लिटरची." आत दूध भरता व्हय? हसली. "आजी, जितके लिटर जास्त, तितकं वजन पाण्यावर उचलून धरती. शिकणाऱ्याला मोठी लागती." असं सांग की. आमी पवायला शिकलो तवा पाठीला वाळका भोपळा बांधायचो. नवशिक्याला मोठा भोपळा. समजलं.

फळीच्या बुडाला पातं बसतं, माशाच्या परावानी. ते नसलं तर फळी आडवी घसरती. एक लांब, एक आखूड. मी म्हणलं आखूड बसवा. मॅडम म्हणे, का? आमचं जुनं खळं त्या पाण्याखाली हाय, बाई. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मेढीच्या बुडाचे दगडं वर येतेत, लांब पातं अडकंल. मेढ म्हंजी खळ्याच्या मधला खांब, हे बी सांगावं लागलं. बाबूनं मान हलवली. आखूड बसवलं.

शिडं दोन. एक साडेसात चौरस मीटरचं, एक पाचचं. अंगणात पान हालत न्हवतं. मॅडम म्हणली, "कमी वाऱ्याला मोठं कापड." ते बराबर. पण मी म्हणलं सकाळच्या वाऱ्यावर जाऊ नका. दुपारी सावली जराशी लांबली की टेकडीवरून वारं एकदम उतरतं. त्या खळ्यावर उपणण्यात जवानी गेली माझी. मंद वारं असलं की पाटी डोक्याच्या वर धरायची, जोराचं आलं की छातीशी आणायची, न्हाई तर भुशासंगं ज्वारी बी जाती.

मॅडम गोड हसली. मोठंच घेऊन गेल्या. बारकं अंगणात पसरलेलं ऱ्हायलं.

सांजच्याला

शी. खांदा धरून आली. वारं उतरलं अन् मोठ्या कापडानं तिला उचलून फेकलं. सात बार. मला उठून खांदा चोळता येईना, तिलाच खाटेशी खाली बसवलं. मॅडम म्हणे, "हे पाणी शिकणाऱ्यांचं नाही. उद्या सामान बांधू."  

वर लताचा घोटाळा. लता माझी सून. शिजवलेली हळद पसरायला जागा पुरंना, अंगणात पांढरं कापड दिसलं. वतली त्यावर दोन पाट्या. "मला वाटलं पाहुण्यांनी आपल्याला ताडपत्री आणली!" अर्धं शीड पिवळंधम्मक. मॅडमचं तोंड बघण्यासारखं. हसू दाबलं तर पायात कळ आली.

११ मे, बुध.

सकाळीच हट्ट धरला. माझं लुगडं दोरीवर टाका, मला दिसंल असं. मॅडमला म्हणलं, बाई, दुपारपर्यंत थांबा. लुगडं ताणलं तर बारकं शीड न्या. न्हाई ताणलं तर बांधा सामान.

बारा वाजले. काई न्हाई. मॅडम घड्याळ बघती, शी. नखं खाती. मी लुगड्याकडं डोळं लावून. खाटेवरच्या माणसाला दुसरं काय जमतं.

एक वाजून गेला. काठ हालला. मंग लुगडं असं फुगलं, आत बाई उभी हाय वाटावं. पळा म्हणलं! पळाल्या. आख्खी आळी पळाली, लता बी. मागं मी, अन् जिच्यापायी पडले ती शेळी. दोघी बांधलेल्या. तिला म्हणलं, तुजं दावं तरी तुला दिसतं.

कांताबाई पयली परत, धापा टाकत. "आक्का! उभी ऱ्हायली! पिवळं शीड धरून पार पल्याड गेली अन् वळून आली! खळ्यावरूनच गेली!"

पातं अडकलं का?

"न्हाई वो!"

मंग रडू आलं. कांताबाई म्हणे, आनंदात रडतेत का कुणी? तिला काय सांगू. सगळ्यांनी बघितलं, मी सोडून.

१२ मे, गुरु.

गेल्या. जाताना मॅडम खाटेपाशी बसली. "आजी, शीड तुम्हीच निवडलंत." तिनं यादी केली: मोठी फळी, आखूड पातं, बारकी शिडं. साक्षरतेच्या वर्गातल्या माझ्या या वहीचंच पान मी तिला फाडून दिलं. पिवळं शीड शी. धुवायला निघाली होती. धुऊ नको म्हणलं. लांबून वळखू येतं. गुंडाळून माझ्या खाटेखाली ठिवून गेली.

१४ मे, शनि.

डॉक्टरनं फोटो बघितला. हाड अजून धरंना. प्लास्टर कवा निघंल सांगता येत न्हाई म्हणला.

बाबूला इचारलं, माळवदावरून धरणाचं पाणी दिसतं, खाट वर चढवशील का?  "वेडी झालीस का" म्हणला न्हाई. दावं घेऊन आला. खाटेची रुंदी मापली, मंग जिन्याची. दाव्याला गाठ मारून तसाच गोठ्यात गेला. खाट जिन्यात बसती का न्हाई, सांगितलं न्हाई.

शी. अन् मॅडम येणार: नागपंचमीच्या आदल्या दिवशी. दुपारचं वारं टेकडीवरून उतरायच्या आत.