इंजिनाला लावलेलं पाचवं बोट

अण्णा,

मारायच्या आधी तुम्ही हातातली वस्तू खाली ठेवायचात. पाना फडक्यावर, स्क्रू डबीत, मग कानाखाली. त्या दिवशी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल तुमच्या हातातच राहिलं, हे काकाच्या आधी मी पाहिलं होतं.

होसूर रोडच्या आपल्या गॅरेजात ती जुनी काळी मोटार चार महिने इंजिनाविना उभी होती. इंजिन पार सुटं करून तुम्ही पुन्हा बांधलं होतं. ही एक गाडी नीट गेली तर मालकाच्या ओळखीतल्या आणखी येतील, असं तुम्ही आईला सांगितलेलं. त्या सकाळी ते चेनकप्पीला टांगलेलं होतं. त्याच्या पाठीला क्लच बसवला होता, काकाने, उजाडताच. बांधलेलं इंजिन गाडीत उतरवण्याआधी त्याला कुंकवाची पाच बोटं लावायची, पाच ठिकाणी, ही आपल्या घरची रीत. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून तेलात कालवलेलं. एरवी तुम्हीच लावायचात. त्या दिवशी हात काळे होते. "तू लाव," म्हणालात. मी चौदा वर्षांची. पुढे एक, वर एक, दोन्ही बाजूंना एकेक. पाचवी जागा आठवेना. विचारलं तर ओरडाल. चारावर थांबलं तर अशुभ. मी मागे गेले आणि क्लचच्या झाकणावर पाचवं लावलं, सढळ हातानं, ओघळेल इतकं.

"अक्का, नवरीला फार नटवू नको गं," काका हसला. "सासरचे ओळखायचे नाहीत."

"तू साखळी बघ," तुम्ही म्हणालात. "स्वल्प स्वल्प सोड. घाई कसली, मुहूर्त टळतोय?"

इंजिन बसलं. दुपारी मालक आला. काका आत बसला, तुम्ही पुढून हँडल मारलंत आणि दुसऱ्याच फेऱ्याला ते असं धडधडलं की मला टाळी वाजवावीशी वाटली. काकाने गिअर टाकला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी फाटकाच्या चढावर तसूभर सरकली नाही. जळका वास आला. मालक म्हणाला, "इंजिन पळतंय, गाडी बसलीय!"

"क्लचला तेल लागलंय," तुम्ही काकाला म्हणालात. "तुझे हात."

"पेट्रोलनं धुऊन बसवलाय, अण्णा. देवाशपथ."

मला तेव्हाच कळलं होतं. काकाचा हात खिडकीच्या कडेवर होता. हँडल त्यावर पडलं, सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मग दार उघडून तुम्ही त्याला बाहेर ओढलंत. खांद्यावर, पाठीत, पुन्हा पाठीत. तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि तुम्ही प्रत्येक फटक्याला "माझं नाव, माझं नाव" म्हणत होतात. आई धावत आली, मालक रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी कुंकवाची वाटी धरून तिथेच.

संध्याकाळी इंजिन पुन्हा काढलं, आपण दोघांनीच. झाकण उघडलं तर प्लेटच्या कडेला लाल. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग फडकं पेट्रोलमध्ये बुडवून पुसून काढलंत. "चौदाचा पाना दे," म्हणालात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. तसाच घर सोडून गेलेल्या काकाला परत आणायला गेला नाहीत, मला हातही लावला नाहीत. त्यानंतर कधीच नाही.

तुम्ही जाऊन वर्षं झाली. काका बोम्मसंद्र्याला एका कारखान्याच्या फाटकावर बसतो. उजवी मूठ मिटत नाही, म्हणून वहीत डाव्या हातानं लिहितो. मी गेले की विचारतो, "अक्का, जेवलीस?" दर वेळी सांगायचं ठरवून जाते, जेवून परत येते.

हे पत्र खरं म्हणजे त्याला लिहायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं.