सोडून गेलेले : शून्य

जयनगर, बंगळूर
२२ ऑक्टोबर १९६४

प्रिय नयना,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. गेली पाच वर्षं जबलपूरहून तुझी पत्रं येतात ती आईच्या नावानं, आणि माझ्या वाट्याला शेवटी एक ओळ, 'नानांना सा. न.' ती ओळ आई मला दर खेपेला अशी वाचून दाखवते, जणू पानभर मजकूर आहे. मी 'बरं' म्हणतो आणि पेपर उघडतो. तुझा राग मला कळत नव्हता असं नाही गं. कळत होता, पण मी बरोबर होतो ना! बरोबर असलेल्या माणसानं आधी पत्र का लिहावं, ही माझी कारखान्यातली अक्कल. आज लिहायला बसलोय. आई बाजारात गेली आहे आणि तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ती हल्ली भाजीवालीशी चक्क कन्नडमधून भांडते. 'स्वल्प कम्मी माडी', म्हणजे थोडं कमी करा, एवढ्या तीन शब्दांवर तिचं अख्खं जयनगर चालतं.

आता मुद्द्याचं. बसवनगुडीच्या चित्रशाळेत तू चार वर्षं काढलीस आणि शेवटचं पाचवं राहिलं. ते कोणामुळे राहिलं हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. एकोणसाठ सालच्या मे महिन्यात मी शाळेतून आकडे मागवले होते. पाच तुकड्यांत मिळून दाखल झालेली मुलं एकशे चाळीस, पदविका मिळालेली तेवीस. शंभरात सोळा. रात्री जेवताना मी तुला म्हणालो, कारखान्यात माझ्या शॉपमध्ये शंभरातले चौऱ्याऐंशी नग रिजेक्ट झाले तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, असल्या ठिकाणी मी माझी मुलगी ठेवणार नाही. नंदकिशोररावांचं स्थळ तेव्हाच आलं होतं. स्थळ चांगलं होतं, आहेही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खरं सांगतो, मला स्थळापेक्षा ते आकडे जास्त पटले होते. तू वाद घातला नाहीस, रडली नाहीस, नुसती भात कालवत राहिलीस. तुझं नाव काढून टाका असं सांगायला शाळेत मीच गेलो.

यंदा म्हैसूर सरकारनं चित्रशाळांची मान्यता तपासायला तीन जणांची समिती नेमली आणि कारखान्यांच्या वतीनं माझं नाव गेलं. नियम साधा होता. दाखल झालेल्यांपैकी निम्मी मुलंसुद्धा पदविकेपर्यंत पोचत नसतील, तर मान्यता काढून घ्यायची. यादीत तुझ्या शाळेचं नाव बघून मला काय वाटलं, तेही लिहितो, लपवत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपण बरोबर होतो हे आता सरकारी शिक्क्यानिशी ठरेल.

शाळेनं भरून पाठवलेला फॉर्म हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. आजवर दाखल झालेले : दोनशे एक्याऐंशी. उत्तीर्ण : सेहेचाळीस. त्यापुढचा रकाना, मधेच सोडून गेलेले : शून्य. शून्य! अगं, पंधरा वर्षांत एकही मूल सोडून गेलं नाही म्हणे. माझी स्वतःची मुलगी सोडून गेली होती आणि हे लोक मला शून्य दाखवतात? खाली सही होती नागोजीराव कारकुनांची. तेच ते, काळी टोपी घालणारे, ज्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि ज्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. मी अध्यक्षांना सांगितलं, आकडे चोरणाऱ्या शाळेची मान्यता एक दिवस ठेवू नका. जाऊन पंचनामा करू आणि सही करून मोकळे होऊ.

अध्यक्षांनी तारीख दिली चौदा ऑक्टोबर. त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही, की त्या दिवशी आयुधपूजा, आपली खंडेनवमी. आमच्या कारखान्यात लेथला झेंडूच्या माळा घालून सगळे पेढे खात होते आणि मी फाईल काखोटीला मारून बसवनगुडीला. शाळेच्या फाटकापाशी सायकली, दोन बैलगाड्या आणि एक अख्खी लॉरी उभी. आतल्या मोठ्या दालनात पाऊल टाकलं आणि नयना, मी तिथेच थबकलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या, आणि त्यांवर हत्यारं. कुंचले असतील असं मला वाटलं होतं, होतेही. पण त्यांच्या शेजारी लाकडी ठसे, पटाशा, भरतकामाच्या चौकटी, पाट्या रंगवणाऱ्यांच्या हात टेकवायच्या काठ्या, बाहुल्यांचे साचे, सोनारकामाच्या सुया. प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकापुढे एक फूल, आणि मागे ज्याचं त्याचं माणूस. दीडशेच्या वर माणसं असतील. मी मुख्याध्यापक रघुपतींना विचारलं, ही कोण मंडळी? ते म्हणाले, आमचे विद्यार्थी.

मला अर्थातच पटलं नाही. मी तपासायला लागलो, माझा धंदाच तो. यशवंतपूरला लॉऱ्यांच्या फळ्या रंगवणारा मल्लाप्पा म्हणून एक गडी होता, दुसऱ्या वर्षात शाळा सुटलेला. त्याला म्हटलं, एक वर्तुळ काढ. त्यानं खडू घेतला, फरशीवर बसला आणि एका दमात वीतभर वर्तुळ काढलं. मी खिशातली पोलादी पट्टी काढून चारी बाजूंनी मापलं. पुन्हा मापलं. एका धाग्याचाही फरक नाही, अगं! आमच्याकडे एवढ्यासाठी परदेशातून मशीन आणतात. त्यानं नुसतं 'सरी का, सर?', म्हणजे बरोबर का, असं विचारलं आणि धोतराला हात पुसले.

मग रत्नाबाई. रेशमी साड्यांच्या काठांचे नकाशे काढते, होसकोट्याहून आली होती. पहिल्याच वर्षी शाळा सुटली, कारण घरी धाकटी पाच भावंडं. साडीचा काठ आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एक चौकट म्हणजे एक धागा, आणि एक चौकट चुकली की मागावर सगळा काठ वाकडा जातो. तिनं हंसांचा एक काठ आणला होता, हजारो चौकटी, हातानं भरलेल्या. मी भिंग लावून खाली बसलो. तासभर बसलो असेन. अध्यक्ष दोनदा येऊन गेले. मला त्यात चूक सापडली नाही. बत्तीस वर्षं मी चुका शोधायचा पगार घेतोय आणि मला एक चूक सापडली नाही. उठताना माझे गुडघे दुखत होते आणि डोळे भरून आले होते. त्या बाईला मी नमस्कार केला. ज्यांना मी रिजेक्ट म्हणालो होतो, ती ही माणसं. मला लाज वाटली गं, आणि त्याहून मोठं, काहीतरी देवळात गेल्यासारखं वाटलं.

तरी शून्याचा हिशेब लागत नव्हता. मी नागोजीरावांना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, ही मुलं मोठी झाली, नाव काढलं, सगळं कबूल. पण शाळा सोडून गेली हे तर खरं ना? मग शून्य कसं लिहिलंत? ते अजिबात रागावले नाहीत. 'अण्णा, स्वल्प बसा की,' म्हणाले आणि पटाची वही काढली. 'सोडून गेलं कोण? सगळे माझ्यापाशी येऊन सांगून गेले. मराठी पोरं येतो म्हणाली, कन्नड पोरं होगि बर्तीनि म्हणाली, म्हणजे तेच, जाऊन येतो. जातो असं एकानं तरी म्हणावं की नाही? कुणी म्हणलंच नाही. मग नाव कसं खोडू मी?'

म्हातारा थट्टा करत नव्हता. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपण सगळेच पाळतो, पण त्या शब्दावर कुणी पंधरा वर्षं पट चालवतं का? यानं चालवला होता. म्हणून दर दसऱ्याआधी प्रत्येकाला एक कार्ड जातं, आणि आयुधपूजेला सगळ्या तुकड्यांची हजेरी होते. ज्याचं नाव येईल त्यानं 'बंदे' म्हणायचं, म्हणजे आलो. त्यांनी पंचावन्न सालची तुकडी उघडली आणि सतरावं नाव माझ्यापुढे धरलं. तुझं. न खोडलेलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या गिचमिड्या मोडीवळणी अक्षरात लिहिलं होतं, 'वडील स्वतः येऊन बोलले. येतो म्हणाले.' आणि मला आठवलं. नाव काढा म्हणून सांगून झाल्यावर, दाराशी चपला घालताना, मी सवयीनं म्हणालो होतो, 'बरं, येतो.'

समितीचं सांगतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, कारण सगळ्यांत कडक मी. मी लिहून दिलं की या शाळेचे आकडे मोजायची आपली पट्टीच चुकली आहे. पदविकेच्या सोळा टक्क्यांत खोट नाही, पण उरलेले चौऱ्याऐंशी टक्के वाया गेले हे म्हणणं खोटं आहे. बरीच वादावादी झाली. शेवटी दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि मधे थांबलेले विद्यार्थी परत येऊन पुरं करतील तर तेही धरायचे असं ठरलं. रघुपतींनी सांगितलं की पटावर नाव असेल तर उरलेलं वर्ष केव्हाही करता येतं. मी मार्चमध्ये निवृत्त होतोय. तुझ्या छोटीला सांभाळायला मी आहे, मला मोकळा वेळच वेळ. नंदकिशोररावांना मी अजून लिहिलेलं नाही. पहिल्यांदा तुला विचारतोय. तेव्हा विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मी रिपोर्टात लिहिली नाही, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठी आहे. त्या दुपारी हजेरी झाली. दोनशेच्या वर नावं, आणि बंदे, बंदे असा आवाज, कुणी म्हातारं झालेलं, कुणी कडेवर मूल घेऊन. तुझं कार्ड तुझ्या जुन्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याकडेच येत होतं. मी ती कार्डं दरवर्षी न वाचता फाडत होतो, हे तुला आज कळतंय. नागोजीरावांनी पंचावन्न सालच्या तुकडीतलं सतरावं नाव पुकारलं. कुणी बोललं नाही. त्यांनी वर न बघता पुन्हा पुकारलं. पेन तसंच धरून ठेवलं, खूण करायची घाई केली नाही. मी समितीच्या खुर्चीवरून उठलो. मला कन्नड सुचलं नाही, जे आलं ते मराठीत आलं. पंचावन्न वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस, दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात, 'आले' म्हणाला. आलो नाही गं, आले. कुणी हसलं नाही. त्यांनी तुझ्या नावापुढे खूण केली आणि अठरावं नाव घेतलं. जन्मात मी एक खोटं माप पास केलेलं नाही, नयना. हे पहिलं. ते खरं करणं माझ्या हातात नाही. वर्ग जूनमध्ये सुरू होतात.

तुझाच,
नाना