उभ्या गाडीची झीज

७ जानेवारी १९९१
...इंजिनातली टकटक पहिल्यांदा ऐकली त्या सकाळीही आधी पाणी भरलं, मग झाडलोट, बुद्धवंदना, मग चहाचं आधण ठेवून शेडमध्ये गेले. गाडीवरचं फडकं काढलं, चोक ओढला, चावी फिरवली. हे गेल्यापासून रोजची सकाळ अशीच. उकळी येईपर्यंत इंजिन चालू, चहा उतरवला की बंद. ती सकाळ नेमकी कोणती, ते आता आठवत नाही. दिवाळीच्या आसपासची असावी. थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं.
आज टकटक फार. धूर निळा. शेजारणीने खिडकी लावून घेतली.

१० जाने.
गाडीबरोबर आलेलं जाड इंग्रजी पुस्तक काढलं. शब्दकोश घेऊन एक पान वाचायला दुपार जाते. झिजेवर अख्खं प्रकरण आहे. मला वाटायचं, जे चालतं ते झिजतं. आपली गाडी तर ह्यांच्यामागे दारातून हललेली नाही. मला कुठे चालवता येते.
ह्यांचं अक्षर कुठेच नाही, कडेला ऑइलचे डाग तेवढे. ह्यांनी पुस्तक वाचलं नाही, चित्रं बघितली.

१३ जाने., रवि.
मोरे भाऊजी आले. एमआयडीसीत ह्यांच्या शेजारच्या लेथवर होते. मालकांनी इंजिन जाम झालेली ही विलायती गाडी ह्यांना देऊन टाकली, तेव्हा ती ढकलत अंबरनाथ पूर्वेला आणणाऱ्यांत तेही होते. म्हणाले, तेव्हाही आमचं कंबरडं मोडलं, आताही मोडणार.
ऑइलचं झाकण उघडलं. आत ताकावरच्या लोण्यासारखं पांढरट. भाऊजी बराच वेळ बोट चोळत राहिले.
"वहिनी, रोज किती वेळ चालवता?"
"चहा होईपर्यंत."
 पुढचं मीच खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. इंजिन गरम न होता बंद झालं की आत पाणी सुटतं, ते ऑइलमध्ये उतरतं. चोकचं जादा पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं. मग लोखंडावर लोखंड. रोज सकाळी.
हे सुरू करायचे आणि लगेच शिवमंदिराच्या रस्त्याला नेऊन गरम करून आणायचे. मी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं धरून ठेवलं.
विचारलं, बंद ठेवली असती तर?
"खरं सांगू? बंद ठेवली असती तर इतकं झालं नसतं."
संध्याकाळी स्वयंपाक केला नाही.

१४ जाने.
सुरू केली नाही. हात दोनदा चावीकडे गेला.

२० जाने.
लेक लता बदलापूरहून आली. शेडकडे बघून म्हणाली, बरं झालं, सकाळचा धूर तरी थांबला. मग चिडून, "मी तापाने फणफणले होते तेव्हापण तू आधी हिला उठवलंस, मग मला." खरं आहे.  जाताना तिनेच फडकं नीट घातलं. बापाचा स्वभाव. राग करेल, पण कोपरा उघडा ठेवणार नाही.

२६ जाने.
सुट्टी म्हणून भाऊजींनी इंजिन खोललं. मी पूर्वीसारखा दिवा धरला.
बेअरिंगच्या टोप्यांवर ह्यांनी ठोकलेले ठिपके. एकीला एक ठिपका, पुढचीला दोन. उलटसुलट बसू नयेत म्हणून. जाम इंजिन दुरुस्त करताना ती बेअरिंगं ह्यांनीच हाताने घासून घासून बसवली होती. भाऊजी आरशासारखी आहेत म्हणाले, त्याचं काम जिवंत आहे वहिनी. पण सिलिंडर खरवडलेले. आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्यामशाफ्ट, त्याच्यावरचे अंड्यासारखे उंचवटे सपाट. बोट फिरवलं. गुडघ्याच्या वाटीसारखं गुळगुळीत लागलं.
नवा दांडा इथे कुठे मिळणार? विलायतेतही त्या गाड्या बनायच्या थांबल्या.

२८ जाने.
भाऊजींबरोबर उल्हासनगर. गोपीशेठ, मशीनशॉपवाले. सिलिंडर कापून मोठे करता येतील म्हणाले, ती काळजी नको. दांड्याचं नाव काढल्यावर मान हलवली. वेल्डिंगने भरून घासून देईन, पण विलायती पोलाद आहे, तापवल्यावर तडकलं तर तडकलं.
"भाभी, टॅक्सी का इंजन डालो. आठवड्यात गाडी रोडवर. लोग तो बॉडी देखते हैं."
विचारलं, मग आतलं इंजिन? म्हणाले, भंगारवाला घेऊन जाईल, तुम्ही फिकीर करू नका.
दांडा तडकला तर दुसरा रस्ता नाही, हेही स्पष्ट सांगितलं. माणूस सरळ वाटला. चहा पाजला, साखर फार.

२९ जाने.
लता परत आली. भाऊजींनी तिला कळवलेलं दिसतं. म्हणते, टॅक्सीचं घाल, मी तुला बसवून कर्जतपर्यंत नेईन, तुझे जावई चालवतील. एकदा तरी बस त्या गाडीत, आई. तिचं मन मोठं आहे. मी म्हटलं, टॅक्सीत बसायचं तर स्टेशनबाहेर उभ्या आहेत.
ती हसली, मग रडली. मी पाठीवर हात ठेवला. मला रडू येत नव्हतं. ठिपके दिसत होते सारखे.
दांडा दिला आणि तडकला तर तेही माझ्याच हातून. नाही दिला तर...

३१ जाने.
काल सकाळी पाणी भरलं, आधण ठेवलं. सवयीने शेडमध्ये जाऊन खोललेल्या इंजिनाशी उभी राहिले, चहा उतरवायचा राहून गेला. आटून गेला. पातेलं घासलं. दांडा ह्यांच्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षाने उल्हासनगरला गेले. गोपीशेठच्या हातात दिला, म्हटलं, भरून घासून द्या.