दाराकडची हाक

सोमवार, ता. ३
आज रुजू झालो. तळघरातली प्रयोगशाळा आता माझी! काम झकास आहे. काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचे आणि त्या भयंकर थंडीत त्यांचे थर एकमेकांवरून सरकायला किती जोर लागतो ते मोजायचं. मोठ्या चुंबकांच्या वेटोळ्यांना याच प्लास्टिकचं वेष्टण असतं. थर सुटला की चुंबक खलास.

माणसं मात्र यथातथाच. विभागप्रमुख बाई सहीपुरत्या खाली उतरतात. दुसरे मेस्त्री, निवृत्तीला टेकलेले. मी आत असेन तोवर ते म्हणे उघड्या दारात स्टूल टाकून बसणार आणि मधूनमधून विचारणार, "साहेब, आहात का?" मी ओ द्यायची. नाही दिली तर ओढून बाहेर काढणार. मी काय रांगतं मूल आहे?

बुधवार, ता. ५
मेस्त्रींनी कारण सांगितलं. नायट्रोजन उडून खोलीत भरतो, प्राणवायू हटवतो. वास नाही की ठसका नाही. माझ्या आधीचा इंजिनिअर दार लावून बसला आणि बसल्या जागी गेला. इथवर ठीक, शाळेतलं विज्ञान. पुढे अक्कल पाजळली: हाक दाराकडून आली तरच ओ द्या, कोपऱ्यातल्या नायट्रोजनच्या टाकीमागून आली तर देऊ नका, दिलीत तर पुढची ओ तुमची राहत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शुक्रवार, ता. ७
आकडे जुळेनात. उघड्या दारातून दमट हवा येते, तुकड्यांवर हिम धरतं, पकड घसरते. बाई म्हणाल्या, सोमवारी नीट आकडे द्या, नाहीतर घरी बसा. त्या स्टुलापायी माझी नोकरी जाणार!

शनिवार, ता. ८
मेस्त्रींना चहाला पिटाळलं. जाईनात, तेव्हा दम दिला. आतून कडी लावली. पहिलाच तुकडा सुरेख तुटला. दुसऱ्याचा आकडाही तोच. अडाण्यांचा बाजार नुसता.

भलतंच बरं वाटतंय. पेन निसटतंय. थंडीनं —

हाक आली. "आहेस का?" आहेस! मेस्त्री कधीपासून मला अरेतुरे — वैतागून ओ दिली. दार बंदच आहे. हाक टाकीमागून —

दारापर्यंत जावं तर पाय — हसू येतंय —

आता दाराकडून. मेस्त्री. दार ठोकतायत. साहेब, आहात का, साहेब — ओ देतोय, आवाजच फुटत नाही. कडी मीच लावली. शहाण्यानं.

टाकीमागून कोणीतरी ओरडलं. माझ्याच आवाजात. "आहे, आहे. जा तुम्ही."

ठोकणं थांबलं. मेस्त्रींची पावलं जिन्या —