होडीवरचा पालथा टोप

११ जानेवारी २०२५

लिहावं लागतंय, कारण माझ्या धाकट्या भावाने, केसरीनाथने, होडीवर बसवायला रडार आणलं आणि त्याच्या मुलाने, भाविकने, मला बजावलं — "आत्या, हसायचं नाही." तोंडावर हसायला बंदी, म्हणून ही वही.

प्रकरण असं. केसरीला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं जवळजवळ गेलं. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत टाकायला थेंब दिले आणि होडी चालवू नका म्हणून सांगितलं. थेंब टाकतो म्हणतो. होडी सोडत नाही. राहनाळची आमची शेतं गोदामांखाली गेली, भाडं घरबसल्या येतं. पहाटे खाडीत जाऊन जाळं टाकणं एवढंच काम त्याच्या हातात उरलंय. भाविक होडी विकायला निघाला, तेव्हा याने तोड काढली — "मना दिसत न्हाय ना? मशीनला दिसंल."

शेवटी ठरलं: रडार नीट चाललं तर बाबा जातील, नाहीतर होडी विकायची.

१२ जानेवारी

रडार म्हणजे भाताचा पांढरा टोप पालथा घातलेला. गोदामाच्या अंगणात, होडी ट्रॉलीवर असतानाच बसवलं. टोपावर एक खूण असते, ती होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, हवी. नाळ होती फाटकाकडे — दक्षिणेला. राकेश मेकॅनिक बरोबर बसवत होता, तर केसरीने त्याचा हात धरला.

"दक्षिनंला तोंड? आरं, यमाला बगायला आनलंय का? पूर्वेला कर."

राकेशने केलं. मी बघितलं त्याच्याकडे. "काका बोलले ना मॅडम." 

नारळ फुटला. पेढे वाटले. चालू करताच पडद्यावर चहूकडे गोदामांचे पत्रे उमटले. "बग आक्का, काय काय दिसतं." पत्रे मला टोपाशिवायही दिसत होते.

१५ जानेवारी

रडारच्या पडद्यावर रेघ फिरते तसा केसरी चहाच्या बशीवर चमचा गोल फिरवून सराव करतोय. सून रुचिका पाहत होती. हसली नाही. बंदी सगळ्यांनाच आहे.

१८ जानेवारी

होडी खाडीत उतरवली. ऊन स्वच्छ होतं. समोर रेतीचा गंजका बार्ज, चिखलात रुतून वर्षानुवर्षं पडलेला. आम्ही नाकासमोर त्याच्याकडेच चाललेलो, आणि पडद्यावर बार्ज उजव्या हाताला. केसरीने एकदा पडदा पाहिला, एकदा बार्ज. मग म्हणाला, "भरतीनं सरकला असंल."

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, जन्मभर शाळेत शिकवलं. त्याला सांगितलं — पूर्व अंगणात राहिली बाबा, होडी वळली. होडीवरच्या यंत्राला पूर्व नाही, पुढे काय आहे ते कळायला हवं.

"तू कालेजात गेलीस, म्हनून तुला सगलं वाकडंच दिसतं."

राकेशला फोन लावला. "टोप उतरवायची गरज नाही मॅडम, सेटिंगमध्ये होतं. काकांना नाळ बार्जवर धरायला सांगा. ठिपका मधल्या रेषेवर येईपर्यंत तुम्ही फिरवत राहा." केसरीने नाळ धरली, मी बटण दाबत राहिले. ठिपका गोल सरकत रेषेवर आला.

"पूजा लागू पडली," केसरी म्हणाला.

२५ जानेवारी

धुकं. आज खरी परीक्षा. भाविक धक्क्यावर थांबला, मी साक्षीदार म्हणून होडीत.

लाटांचे बारीक ठिपके पडद्यावर येतात. ते कमी करायचं बटण आहे. राकेशने बजावलं होतं — जपून, लाकडी होडकंही त्यात पुसलं जातं. केसरीने ते पार टोकाला नेलं. आमच्याकडे पाहुणे यायच्या आधी अंगण झाडतात, तसं. पडदा लखलखीत झाला.

"बग. काय न्हाय खाडीत."

डावीकडून लडकू येत होता. लहानपणी आमच्याबरोबर खेळलेला, चिंबोऱ्या धरायला अजून एकटाच वल्हवत जातो. धुक्यातून अचानक दिसला तो अगदी जवळ. मी स्टिअरिंग हिसकावून फिरवलं. त्याचं वल्हं आमच्या होडीखाली मोडलं. माणूस वाचला. केसरीने पूर्ण मान वळवली, तेव्हा कुठे तो त्याला दिसला.

लडकू मोडकं वल्हं हातात धरून बघत राहिला. "केसरी, डोक्याव टोप घेऊन फिरतस, नि मी दिसलो न्हाय तुला?"

"दिसला असतास," केसरी म्हणाला. "मीच पुसला तुला."

परतताना स्टिअरिंग माझ्या हातात होतं. एरवी मला दहा टोमणे सुचले असते.

धक्क्यावर भाविकने विचारलं, "चाललं का रडार?"

"रडार चाललं," मी म्हटलं.

२६ जानेवारी

केसरीने सकाळी माझ्या खोलीत आणून दिलं, ते असं:

आमच्या बापाचं वल्हं, माळ्यावरून काढून पुसलेलं — लडकूला पोचवायला.

होडीची किल्ली. भाविकला नाही, मला. "तू चालव. मी फुडं बसून सांगतो पानी कुठं खोल हाय ते."

थेंबांची बाटली. डॉक्टरांनी दिली तशीच, सील न तोडलेली. "माज्या हातानं डोल्यात जात न्हाय, आक्का. भ्या वाटतं. तूच टाक."

सगळं घेतलं. पहिला थेंब टाकला.