पंच कुठे उभा आहे

प्रिय दादा,

पाकीट बघूनच तू हसणार. दोन गल्ल्या सोडून राहते आणि पत्र कसलं लिहिते, म्हणशील. त्यात अक्षर हे असं, फळ्यावर काढल्यासारखं मोठ्ठं. हस बाबा, हस. पण फोनवर तुझ्याशी बोलायची सोय नाही. दुसऱ्या वाक्याला तू काहीतरी विनोद करतोस, मी खिदळते आणि मूळ गोष्ट राहून जाते. पत्राला मधेच तोडता येत नाही. वहिनीला वाचायला देऊ नकोस, आधी एकट्याने वाच.

इकडे सगळं बरं म्हणायचं. धाकटीचा खोकला गेला. ह्यांची बदली पुन्हा रद्द झाली, त्यामुळे स्वारी घरात आणि मी वैतागात. माझा गुडघा कुरकुरतो. पंच म्हणून कॅचरच्या मागे वाकून उभं राहायचं म्हणजे काय थट्टा आहे? पण सामने सोडवत नाहीत. हे खूळ तूच डोक्यात भरवलंस. आठवतं, गच्चीवर खडूने चौकोन काढून, त्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस, बाटल्यांची बुचं मांडायचास, हा धावपटू, हा चेंडू फेकणारा पिचर, आणि हा पंच, असं म्हणत माझ्या डोक्यातली पिन काढून मधोमध ठेवायचास. पंचाने आधी पाय योग्य जागी न्यायचे, मग डोळे. जागा चुकली की निकाल चुकला. आणि जे दिसलं तेच सांगायचं, समोर सख्खा भाऊ असला तरी. हे तुझं वाक्य मी पंचगिरी शिकायला येणाऱ्या नव्या पोरींना ऐकवते. तुझं आहे असं सांगत नाही, उगाच चढून बसशील.

मी सॉफ्टबॉलकडे गेले तेव्हा तू किती पिडलंस मला! तुमच्या बेसबॉलमध्ये धावपटू बेसवर आला की बेसच्या पंचाने सरळ मैदानाच्या पोटात शिरायचं, पिचरच्या पाठीमागे. आमचं मैदान लहान, बेस जवळजवळ. आत शिरलं तर पंच फेकीच्या वाटेत येतो. म्हणून आम्ही बाहेर, खेळाडूच्या खांद्यामागे उभं राहायचं, आणि चेंडू लांब टोलवला गेला की मग धावत आत घुसायचं. तू म्हणायचास, बारके, शेजाऱ्यांचं भांडण खिडकीतून काय बघतेस, घरात जाऊन बघ. मी म्हणायचे, तू घरात जातोस म्हणूनच मार खातोस. वहिनी म्हणायची, जेवा आता दोघं, ताटं गार झाली.

तर परवाचा सामना. आमचा बेसचा पंच तापाने पडला आणि तू मदतीला धावलास. मी होमला, बॅटवालीच्या मागे, तू बेसवर. किती खूश होते मी! पहिल्या बेसवर धावपटू आली आणि मी मनात म्हटलं, आता हा सवयीने आत शिरणार आणि जन्मभर चिडवायला मला विषय मिळणार. तू आत शिरला नाहीस. बाहेरच राहिलास, पण चुकीच्या बाजूला. पहिल्यावर धावपटू असली की आमचा पंच पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे थांबतो. तू दुसऱ्याच्या पलीकडे, तिसऱ्याच्या अंगाला जाऊन उभा होतास. पोरी हसल्या. त्यांचा कोच म्हणाला, बेसबॉलवाले काका गडबडले वाटतं. मीही हसले. आणि हसता हसता थांबले. कारण सवयीची चूक असती तर तू आत गेला असतास, दादा. बेसबॉलचा माणूस गडबडला तर आत जाऊन गडबडतो. ही चूक ना तुमच्या खेळातली, ना आमच्या.

मग मी चेंडू कमी आणि तुलाच जास्त बघितलं. धावपटू दुसऱ्यावर पोचली तेव्हा तू आणखी सरकलास, पार तिसऱ्याच्या मागे रेषेला चिकटलास. अख्खं मैदान तुझ्या डाव्या हाताला. उजवीकडे फक्त कुंपण. पाण्यासाठी थांबलो तेव्हा त्या छोट्या पोरीने उजवीकडून तुझ्यापुढे बाटली धरली, तू तिच्या अंगावरून तसाच पुढे निघून गेलास. ती बिचारी ओशाळली. तिला वाटलं, काका रागावले.

घरी आल्यावर एकेक आठवत गेलं. आमच्याकडे आलास की हल्ली भिंतीलगतच्या खुर्चीवर बसतोस, भिंत उजवीकडे ठेवून. वहिनी कौतुकाने सांगत होती, ह्यांनी आता संध्याकाळचं पायी फिरणं सुरू केलंय, गाडीला हात लावत नाहीत. कोपराला ती खरचट, दाराला लागलं म्हणालास. दारं काय आज बसवली आहेत त्या घरात? आम्ही दोघी डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो, दुसरं काय. तू झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलास, ते मला कळतं. पण मला राग आलाय. खूप राग आलाय. माझ्या पायात काटा मोडला तरी तुला आधी कळायला हवं असतं, आणि तुझा उजवा डोळा जातो तेव्हा मी पाहुणी?

रात्री डोळा लागत नाही माझा. तुमच्या अंतिम सामन्याला तू बेसवर आहेस. म्हणजे आत, मधोमध. तिथे उजवीकडे ठेवायला भिंत नाही की कुंपण नाही. त्या पोरांचे टोले मी बघितलेत. बॅटचा आवाज कानावर येईपर्यंत चेंडू अंगावर असतो. आणि बेसच्या पंचाच्या डोक्यावर नुसती कापडी टोपी. तू खाली पडलायस आणि पोरं भोवती जमलीत, एवढंच डोळ्यांपुढे येतं आणि मी उठून बसते. हे विचारतात काय झालं. काय सांगू?

आता पत्राचं खरं कारण. काल तुमच्या संघटनेच्या सचिवांचा फोन आला. सहजच म्हणाले, ताई, त्या सामन्याला तुम्ही होतात सोबत, दादा ठीक आहेत ना, अंतिमला बिनधास्त उभं करू? पंचाची पंचाईत म्हणतात ती ही. हो म्हणवेना आणि नाही म्हणायला जीभ रेटेना. दूध उतू जातंय, मग बोलते, असं सांगून ठेवून दिला. चुलीवर दूधबिध काही नव्हतं. शुक्रवारी ते पुन्हा करतील. त्यांनी विचारलं तर मला दिसलं तेच मी सांगणार, समोर सख्खा भाऊ असला तरी. म्हणून त्याआधी तू सांग. तुझ्या तोंडून, तुझ्या मानाने. आणि गुरुवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कदाचित उपाय असेल, कदाचित नसेल. पण एकट्याने अंधारात चाचपडायचं नाही. इतकी वर्षं बाहेर उभी होते, दादा. आता चेंडू टोलवला गेलाय, मी आत येतेय. फाटकाशी थांब. आणि चालताना मला डावीकडे घेऊ नकोस. तुझ्या उजव्या बाजूला मी चालेन.

तुझीच,
बारकी